लिनक्स काढून पुन्हा विंडोज बसवताना: डिस्क पुसण्याआधी, पुसताना आणि पुसल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळी साडेसातला शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या मामेभावाचा फोन आला. "दादा, मशीन सुरूच होईना झालंय. काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू असं काहीतरी येतंय आणि पुढं नुसती रेघ लुकलुकतीय." त्याच्या वर्कशॉपमधल्या संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) शेजारी शेजारी होते. लिनक्सची गरज उरली नव्हती, म्हणून आदल्या रात्री त्याने विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवर त्यासाठी वेगळा केलेला भाग, उडवले होते आणि संगणक बंद करून तो घरी गेला होता. त्याची सगळी ड्रॉइंग, सगळी बिले आणि खुद्द विंडोजसुद्धा डिस्कवर जसेच्या तसे होते, फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद झाली होती. संगणक सुरू झाल्यावर कोणती प्रणाली चालू करायची हे ठरवणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीच्या संगणकात दोन ठिकाणी विभागलेला असतो. त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतो आणि बाकीचा लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. भावाने बाकीचा भाग पुसला होता आणि पहिला तुकडा तो शोधत थांबला होता.

ते दुरुस्त झाले, आणि पुढे महिन्याभराने आम्ही दोघांनी मिळून तीच डिस्क पूर्ण पुसून तिच्यावर नवे विंडोज बसवले. त्याआधी चार वर्षे उबुंटू वापरलेला माझा स्वतःचा लॅपटॉप मी याच मार्गाने परत विंडोजवर नेला होता, कारण हिशेबाच्या कामासाठी टॅली लागू लागले आणि टॅली विंडोजवरच चालते. या अनुभवांतून जे कळले ते येथे क्रमाने मांडत आहे. प्रत्यक्ष पुसण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. माणसे अडकतात ती त्याच्या आधी न केलेल्या कामांमुळे, म्हणून पहिल्या पाच पायऱ्यांवर अधिक वेळ द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात संगणकाला द्यायच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकायच्या असतात.

लागणारे साहित्य

- किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे, म्हणून तो रिकामा असावा.
- बॅकअपसाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क.
- ड्रायव्हर (वायफाय, डिस्क असे भाग विंडोजला वापरता यावेत म्हणून लागणारे छोटे प्रोग्रॅम) ठेवण्यासाठी आणखी एक लहान पेनड्राइव्ह.
- तास-दोन तासांसाठी विंडोज असलेला दुसरा संगणक, शेजाऱ्याचा किंवा ऑफिसातला.
- मर्यादा संपणार नाही असे इंटरनेट.
- विंडोजच्या परवान्याची माहिती, म्हणजे बिल, डब्यावरचे लेबल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड.
- लॅपटॉपचा चार्जर, आणि डेस्कटॉप असेल तर चालू स्थितीतला यूपीएस. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि इन्स्टॉल अर्ध्यावर असताना ती जाणे महागात पडते.
- कागद आणि पेन. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण का ते पुढे येईल.

१. परवाना आहे का ते आधी पाहा

तुमचा लॅपटॉप विकत घेतला तेव्हा त्यात विंडोज होते का, हे आठवा किंवा बिल पाहा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीने विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपमध्ये परवान्याची २५ अक्षरांची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते. मधल्या काळात डिस्क दहा वेळा पुसली असली तरी ती किल्ली जात नाही, आणि नवे विंडोज इन्स्टॉल होताना ती आपोआप वाचली जाते. मात्र आवृत्ती तीच असावी लागते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती असते. अशा यंत्रावर हौसेने 'प्रो' बसवले तर परवाना लागू होत नाही.

जो लॅपटॉप डॉस किंवा उबुंटू घालून स्वस्तात विकला गेला होता, त्यात अशी किल्ली नसते. तेथे परवाना विकत घ्यावा लागतो. 'ॲक्टिव्हेटर' म्हणून फुकट मिळणाऱ्या फाईल वापरू नका. त्या चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ज्या संगणकावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार आहात त्यावर असे काही करणे धोक्याचे आहे.

२. संगणक विंडोज ११ ला पात्र आहे का

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून नव्याने बसवायचे तर विंडोज ११ च बसवावे. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, नव्या यूईएफआय पद्धतीचे बायोस (संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम), सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देण्याची) सोय आणि टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय) लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. टीपीएम नाही असे वाटले तर बायोसमध्ये शोधा. इंटेलच्या यंत्रावर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रावर एफटीपीएम या नावाने असते, आणि पुष्कळदा नुसते बंद ठेवलेले असते. यंत्र खरोखरच जुने असेल आणि या अटींत बसत नसेल, तर लिनक्स काढण्याचा विचारच पुन्हा एकदा तपासा. अशा यंत्रावर लिनक्स विंडोजपेक्षा चांगले चालते, हे मी चार वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

३. लिनक्स चालू आहे तोवरच डिस्कची माहिती कागदावर उतरवा

उबुंटूमध्ये 'डिस्क्स' नावाचे ॲप असते. ते उघडले की डाव्या बाजूला जोडलेल्या सर्व डिस्क दिसतात. प्रत्येक डिस्कचे नाव, एकूण आकार आणि तिच्यावरच्या पार्टिशनांचे आकार कागदावर लिहून घ्या. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तुम्हाला ओळखीचे काहीच दिसणार नाही. तेथे 'ड्राइव्ह ० पार्टिशन २' अशी कोरडी नावे असतात, आणि त्या वेळी ओळखीची खूण फक्त आकाराची उरते. भावाच्या संगणकात २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि १ टीबीची हार्ड डिस्क होती. कंपन्या मोजतात त्या जीबीत आणि विंडोज मोजते त्या जीबीत फरक असल्याने इन्स्टॉलरमध्ये २४० च्या जागी २२३ आणि १ टीबीच्या जागी ९३१ असे आकडे दिसतात. ते पाहून गोंधळू नका. कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले तर उत्तम.

त्याच ॲपमध्ये आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. डिस्कच्या माहितीत 'पार्टिशनिंग' या शब्दापुढे 'जीयूआयडी पार्टिशन टेबल' लिहिले असेल तर डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, आणि 'मास्टर बूट रेकॉर्ड' लिहिले असेल तर जुन्या एमबीआर पद्धतीची. हा फरक पायरी ७ मध्ये कामाला येतो. दुसरे म्हणजे मेनूमध्ये 'स्मार्ट' चाचणीची सोय असते. तिच्यात डिस्क निकामी होत चालल्याची खूण दिसली तर त्या डिस्कवर नवे विंडोज बसवण्याचे कष्ट घेऊ नका. आधी बॅकअप घ्या आणि नवी एसएसडी आणा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्याला याहून चांगला मुहूर्त नाही.

४. बॅकअप

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि येथेच सर्वांत जास्त चुका होतात.

पहिला सापळा बॅकअपच्या डिस्कचा. लिनक्स ईएक्सटी४ नावाच्या पद्धतीने फाईल साठवते आणि विंडोजला ती पद्धत स्वतःहून वाचता येत नाही. बाहेरची हार्ड डिस्क तुम्ही पूर्वी लिनक्समध्येच फॉरमॅट केली असेल तर तीही ईएक्सटी४ असण्याची दाट शक्यता आहे. मग काय होते? तुम्ही मनापासून बॅकअप घेता, विंडोज बसवता, डिस्क जोडता, आणि विंडोज म्हणते की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. त्या घाईत 'होय' दाबलेली माणसे मी पाहिली आहेत. असा संदेश आला तर कधीही होय म्हणू नका. त्याहून चांगले म्हणजे बॅकअपची डिस्क आधीच एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या. फॅट३२ टाळा, कारण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, आणि लग्नाचा एखादा व्हिडिओ सहज त्याहून मोठा निघतो.

दुसरा सापळा लपलेल्या फोल्डरांचा. लिनक्समध्ये ज्या फाईलचे किंवा फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते ते नेहमीच्या यादीत दिसत नाही. थंडरबर्डमधले ईमेल आणि फायरफॉक्सचे बुकमार्क अशाच फोल्डरांत असतात. उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप पद्धतीने आलेले असेल तर त्याची माहिती होम फोल्डरमधल्या 'स्नॅप' फोल्डरात असते. होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबा, लपलेले सगळे दिसू लागेल. मी 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' तेवढे न घेता पूर्ण होम फोल्डर उचलतो. जागा जास्त लागते, पण काय विसरले याची रुखरुख राहत नाही.

तिसरा सापळा नावांचा आहे. लिनक्समध्ये फाईलच्या नावात विसर्गचिन्हासारखा कोलन, प्रश्नचिन्ह किंवा तारका (ॲस्टेरिस्क) चालते, पण विंडोजमध्ये चालत नाही. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्या स्क्रीनशॉटच्या नावातली वेळ कोलन घालूनच लिहीत असत. एनटीएफएस डिस्कवर लिनक्स अशा फाईल बहुधा मुकाट उतरवते, पण विंडोजला नंतर त्या उघडता येत नाहीत. शिवाय लिनक्सला इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे वेगळी वाटतात, विंडोजला सारखीच. एकाच फोल्डरात 'बिल' हे नाव एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षराने लिहिलेल्या दोन फाईल असतील तर विंडोजमध्ये त्यांतली एकच धड उघडते. अशी नावे आधी बदलून घ्या. मराठीत दिलेल्या नावांना मात्र काही होत नाही, ती युनिकोडमध्ये असल्याने दोन्हीकडे सारखी दिसतात.

मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट खास सांगावीशी वाटते. लिब्रे ऑफिसमध्ये लोहित देवनागरी फॉन्ट वापरून केलेले दस्तऐवज विंडोजमध्ये उघडतात खरे, पण तेथे तो फॉन्ट नसल्याने निर्मला किंवा मंगल त्याची जागा घेतो आणि ओळी, पाने, तक्ते इकडेतिकडे सरकतात. जे कागद जसेच्या तसे हवे आहेत, म्हणजे करारपत्रे, लेटरहेडवरची पत्रे, शाळेचे दाखले, त्यांची लिनक्समध्येच पीडीएफ करून ठेवा.

बॅकअप झाला की तो तपासा. मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींच्या गुणधर्मांत फाईलींची संख्या जुळते का ते पाहा, आणि ती डिस्क विंडोज असलेल्या दुसऱ्या संगणकाला लावून आठ-दहा फाईल प्रत्यक्ष उघडून बघा. हे न केलेला बॅकअप झाला असे मी मानत नाही. शक्य असेल तर दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या खणात ठेवण्याचा अर्थ काय होतो हे कोल्हापुरात कोणाला वेगळे सांगायला नको.

५. विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विंडोज असलेल्या दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून घेणे आणि त्याला पेनड्राइव्ह दाखवणे. बाकीचे ते स्वतः करते. हे साधन लिनक्सवर चालत नाही.

दुसरा संगणक मिळतच नसेल तर लिनक्समधून त्याच संकेतस्थळावर जा, तेथे पूर्ण आयएसओ फाईल (सगळे विंडोज एकत्र बांधलेली एकच मोठी फाईल) मिळते. येथे जाणकार म्हणवणारी माणसेही फसतात. लिनक्सचा पेनड्राइव्ह ज्या साधनाने केला होता त्याच साधनाने विंडोजची आयएसओ उतरवली तर तो पेनड्राइव्ह बूट होत नाही, म्हणजे त्यावरून संगणक सुरू होत नाही, कारण विंडोजची आयएसओ तशा पद्धतीने बनवलेली नसते. नुसत्या फाईल फॅट३२ पेनड्राइव्हवर ओढून टाकल्या तर त्यांतली मुख्य फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असल्याने मावत नाही. त्यासाठी व्हेंटॉय वापरा. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवायचे आणि मग आयएसओ फाईल त्यावर नेहमीसारखी कॉपी करायची, एवढेच काम असते. सिक्युअर बूट चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्या वेळी आपली किल्ली नोंदवायला सांगते. ते अवघड वाटल्यास इन्स्टॉल होईपर्यंत सिक्युअर बूट बंद ठेवा. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचे वायफायचे आणि (डिस्क ओळखण्यासाठी लागू शकणाऱ्या) इंटेल आरएसटीचे ड्रायव्हर उतरवून ते उलगडून दुसऱ्या लहान पेनड्राइव्हवर ठेवा. कोणता पेनड्राइव्ह कशाचा हे चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

६. बायोसमधली तयारी

संगणक सुरू करताच एक ठरावीक बटण दाबत राहावे लागते. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बूटची यादी एफ१२ ने येते, एचपीमध्ये एस्केप किंवा एफ९ ने आणि आसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केपने. आधी बायोसमध्ये जाऊन 'लेगसी' किंवा 'सीएसएम' (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद आहे, बूटची पद्धत यूईएफआय आहे आणि टीपीएम चालू आहे, एवढे पाहा.

नंतर बूटच्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा. एकच पेनड्राइव्ह कधी कधी यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय असे लिहून. दुसरा निवडा. पहिला निवडला तर पुढे डिस्कच्या पडद्यावर तुम्ही अडकता आणि चूक कुठे झाली ते उमगत नाही.

७. जुनी पार्टिशने पुसणे

येथे थांबा आणि संगणकात एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर जिच्यावर विंडोज बसवायचे ती सोडून बाकीच्या काढून ठेवा. भावाचा कॅबिनेट उघडला तेव्हा आत पंख्यावर, वायरींवर लोखंडाचा बारीक कीस बसला होता. आम्ही आधी वीज काढली, रंगाच्या कोरड्या ब्रशने तो कीस हळूहळू झाडला, आणि मग १ टीबीच्या डिस्कची डेटाची चपटी वायर ओढून काढली. पाच मिनिटे गेली, पण त्यानंतर इन्स्टॉलरच्या पडद्यावर एकच डिस्क दिसत होती आणि भावाच्या बारा वर्षांच्या ड्रॉइंगांना चुकूनही धक्का लागणे शक्य नव्हते. याला दुसरेही कारण आहे. दुसऱ्या डिस्कवर आधीपासून बूटचे पार्टिशन असेल तर विंडोज आपल्या बूटच्या फाईल तेथेच टाकते, आणि पुढे कधी ती डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही.

भाषा आणि कीबोर्ड निवडून पुढे गेल्यावर डिस्कची यादी येते. नव्या आणि जुन्या आवृत्त्यांत या पडद्यांची मांडणी थोडी वेगळी आहे, पण यादी सारखीच असते. कागद समोर धरा आणि आकार जुळवा. उबुंटूच्या डिस्कवर साधारणपणे बूटचे एक लहान पार्टिशन आणि मुख्य मोठे पार्टिशन दिसते, कधी स्वॅपचे (रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या जागेचे) वेगळे पार्टिशनही असते. एकेक निवडून 'डिलीट' म्हणा. सगळी गेली की 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरते. तिच्यावर स्वतः नवी पार्टिशने करत बसू नका. ती ओळ निवडून पुढे जा, लागणारी लहान-मोठी पार्टिशने विंडोज स्वतः करते.

डिस्क एमबीआर पद्धतीची असल्याने विंडोज बसत नाही असा संदेश आला, किंवा एखादे पार्टिशन पुसले जाईना, तर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काही लॅपटॉपमध्ये त्यासोबत एफएन बटणही दाबावे लागते. काळी खिडकी उघडेल. तिच्यात या क्रमाने आज्ञा द्या:

- डिस्कपार्ट
- लिस्ट डिस्क
- सिलेक्ट डिस्क, आणि पुढे एक जागा सोडून तुमच्या डिस्कचा क्रमांक
- क्लीन
- कन्व्हर्ट जीपीटी
- एक्झिट

या यादीत तुमचा पेनड्राइव्हही एक डिस्क म्हणून दिसतो, म्हणून क्रमांक टंकण्याआधी आकार पुन्हा एकदा कागदाशी ताडून पाहा. 'क्लीन' दिल्यावर संगणक 'नक्की का' असे विचारत नाही. एंटर दाबले की क्षणात पार्टिशनांचा तक्ता पुसला जातो आणि परतीचा कोणताही पर्याय नसतो. लिनक्स कूटबद्ध केलेले होते म्हणून काही वेगळे करावे लागत नाही, तेही तसेच जाते. डिस्क कोणाला विकायची असेल तर मात्र नुसते क्लीन पुरेसे नाही, कारण त्याने तक्ता जातो पण मजकूर मागे राहतो. त्यासाठी 'क्लीन ऑल' आहे. ते संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते आणि मोठ्या डिस्कला कित्येक तास घेते.

यादीत डिस्कच दिसत नाही, असेही होते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरजवळ नसतो. डिस्क खराब झाली असे समजून दुकानात धावू नका. 'लोड ड्रायव्हर' निवडा आणि लहान पेनड्राइव्हवरचा आरएसटीचा ड्रायव्हर दाखवा, डिस्क दिसू लागेल.

८. इन्स्टॉल आणि पहिला तास

फाईल उतरवून झाल्यावर संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. त्या वेळी पेनड्राइव्हवरून बूट करण्यासाठी कोणतेही बटण दाबा असा संदेश आला तर काहीही दाबू नका, नाहीतर सगळे पहिल्यापासून सुरू होते. विंडोज ११ मांडणी पूर्ण करताना इंटरनेट मागते. वायफायची यादीच आली नाही तर फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू करा किंवा लहान पेनड्राइव्हवरचा वायफायचा ड्रायव्हर द्या.

सुरू झाल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नका. लिनक्स संगणकाच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, आपल्यात आणि जागतिक वेळेत साडेपाच तासांचेच अंतर आहे. सेटिंगमध्ये जाऊन वेळ एकदा सिंक केली की ते कायमचे बरोबर होते. पण हे लगेच करा, कारण वेळ चुकीची असेल तर बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे उघडताना अडथळे येऊ शकतात.

मग विंडोज अपडेट चालवा, सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्हेशन' पाहा आणि सिक्युअर बूट बंद केले असेल तर परत चालू करा. मराठी टंकनासाठी भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. तेथे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असेल तर नवे विंडोज बहुधा डिस्क आपोआप कूटबद्ध करते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या खात्यात जमा होते. ती आजच उघडून पाहा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

९. विंडोज आधीच शेजारी असेल आणि फक्त लिनक्स काढायचे असेल तर

भावाची चूक टाळायची असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी बूटची व्यवस्था विंडोजकडे द्या आणि मगच लिनक्सचे पार्टिशन पुसा. यूईएफआय संगणकात बायोसच्या बूट यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर आणा, आणि विंडोज थेट सुरू होते हे दोन वेळा बंद-चालू करून पाहा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीची) रिकव्हरी की जवळ ठेवा, बायोसमधले बदल पाहून विंडोज ती मागू शकते. जुन्या एमबीआर संगणकात विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या भागात जाऊन 'बूटरेक' ही आज्ञा 'फिक्सएमबीआर' या पर्यायासह द्यावी लागते. भावाचा काळा पडदा याच आज्ञेने गेला.

त्यानंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सची पार्टिशने पुसा. त्यांना तेथे ड्राइव्हचे अक्षर नसते. पण 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' असे लिहिलेल्या भागालाही अक्षर नसते, आणि त्याला हात लावायचा नाही, कारण विंडोजही तेथूनच सुरू होते. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडता येते ती फक्त त्याच्या लगेच उजवीकडे असेल तर. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर ते हलवण्याच्या भानगडीत न पडता त्या जागेचा डी ड्राइव्ह करून टाका.

१०. फाईल परत आणताना

काढून ठेवलेली दुसरी डिस्क आता वीज बंद करून परत जोडा. बॅकअपमधून फाईल कॉपी करा, हलवू नका, आणि बॅकअपच्या डिस्कला निदान एक महिना हात लावू नका. भावाने तिसऱ्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या डायचे (साच्याचे) ड्रॉइंग मागितले. ते १ टीबीच्या डिस्कवर नव्हते आणि नव्या डॉक्युमेंट्समध्येही नव्हते. ते गिऱ्हाइकाने ईमेलने पाठवलेले होते आणि लिनक्स उडवण्याआधी घेतलेल्या होम फोल्डरच्या बॅकअपमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या थंडरबर्डच्या फोल्डरात पडून होते. आम्ही विंडोजवर थंडरबर्ड बसवले, बॅकअपमधले प्रोफाइल त्याच्या जागी ठेवले आणि ड्रॉइंग सापडले. त्याच दुपारी डाय मशीनवर चढली.